उघाडी

तेरा वर्षं शिरोड्याच्या आगरात मी गोण्या मोजल्या,
डोक्यात आधी, वहीत नंतर.
कुठल्या कोंडीत किती दिवसांचं पाणी,
पास्कूची उचल किती, सावळारामची किती फिटली,
सगळं जिभेवर.
मग एका मार्चात
सत्तेचाळीस म्हटलं
आणि पुढचा आकडा आलाच नाही.

त्याआधी चेहरा आला होता. गोल, तांबूस,
आरशात माझ्या जागी येऊन बसलेला पाहुणा.
बाजारात आरोसकरीण म्हणाली,
"काय गो, सुखात दिसतंस!"
मानेमागे चरबीची उशी, पोटावर जांभळे ओरखडे,
कपाटाची कड लागली तरी दंड आठवडाभर काळानिळा,
रात्री तीनला टक्क जाग,
कोणी दारावर थाप मारून पळालंय जणू.
सुखात. हो.

बांबोळीला डॉक्टर केंकरे, माझ्या भाचीच्या वयाची.
म्हणाली, मेंदूच्या बुडाशी तिळाएवढी गाठ आहे.
ती हुकूम सोडते, आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी
कॉर्टिसॉल ओतत राहतात.
संकट नसताना संकटाचं रसायन.

संशोधनासाठी म्हणून एक जादा तपासणी.
नळीत पाऊण तास, हलायचं नाही,
डोक्याशी कोणीतरी रिकामं पिंप बडवतंय.
फोटो नाहीच निघाला. निघाली एक रेघ,
होडीतून परतताना किनाऱ्याचे डोंगर दिसतात तशी.
हे उंच टोक पेशींच्या तब्येतीचं, हे कोलीनचं,
आणि हे बुटकं, इनॉसिटॉल.
"तुमचं जरा खाली आहे."
म्हणजे?
"साखरेची चुलत बहीण. पेशी ती साठवून ठेवते,
बाहेर मीठ वाढलं तर आतलं पाणी
निघून जाऊ नये म्हणून."

मी हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
कोणी माझ्या धंद्यातलं बोललं.
मीठ पाणी ओढतं, हे मला नको सांगू, बाय,
माझ्या टाचांना विचार.

तर प्रत्येक पेशीला एक उघाडी,
आणि तिथे बसलेली एक राखणदारीण,
पदरात मूठभर गोड बांधून.
तिला गेली तीन-चार वर्षं
रोज उधाणाची खोटी वर्दी येत होती.
दमली असेल.
"असंच ना?" मी विचारलं.
"अगदी असंच नाही." प्रामाणिक पोर.
"खाली का गेलं, नीट माहीत नाही.
ते कारण की परिणाम, तेही नाही."

चिबडात असतं म्हणाली, चवळीतही.
भावजयीने त्या भाद्रपदात मला एकवीस चिबूड खायला घातले.
मोजले तिने, मी नाही.
असले डोंगर चिबडाने वाढत नाहीत
हे मी तिला सांगितलं नाही.

गाठ नाकावाटे काढली.
चेहरा सात महिन्यांनी परत आला,
उसना नेलेला झंपर यावा तसा, थोडा सैल.
आकडे मात्र आपल्या चालीने येतात.
कधी सत्तेचाळीसनंतर बावन्न.
मी सुंभाला गाठी मारते, दर दहा गोण्यांना एक.
पास्कू बघतो, बोलत नाही.
माझी गाठ राहिली तर खोकतो फक्त.

वर्षाने पुन्हा तीच नळी, तेच पिंप.
बुटकं टोक नखभर वर.
"मोजण्याच्या चुकीत बसेल एवढंच," केंकरे म्हणाली.
तो कागद मी मागून आणला,
हिशेबाच्या खोपीत टाचला.
पास्कूने फावडं टेकवून बराच वेळ पाहिला.
"ह्यो डोंगर खंयचो?"
"हयचोच."

संध्याकाळी भरतीच्या आधी
उघाडीची फळी मी स्वतः खाली सोडली,
हाताने दाबून पाहिली.
माडांपर्यंत गेल्यावर वाटलं, दाबली ना?
दाबली होती. आठवत होतं,
ओली, शेवाळाची, डाव्या कडेला खिळा.
तरी परत गेले.